योकोहामात नवे आहात? शहराची चिन्हं ओळखायला अशी शिका

जपानमध्ये भाड्याचं घर मिळालं, वॉर्ड ऑफिसात नाव नोंदवलं, की आठवडाभरात पत्रपेटी भरायला लागते. पाणी, आरोग्य विमा, शाळा, कर, कचरा, भूकंप झाला तर कुठे जमायचं त्याचा नकाशा. सगळं जपानीत. मोबाइलचा कॅमेरा धरला की मजकूर कळतो, पण तरी एक गोष्ट कळत नाही: हे पत्र पाठवलंय कोणी, आणि काही विचारायचं झालं तर जायचं कुठे? त्याचं उत्तर बऱ्याचदा लिफाफ्याच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या चिन्हात असतं.

जपानमधल्या जवळजवळ प्रत्येक शहराला स्वतःचं बोधचिन्ह असतं. त्याला 'शिशो' म्हणतात. शिवाय शहराचं फूल, झाड, पुष्कळ ठिकाणी पक्षी, एक गाणं आणि हल्ली एखादा गुबगुबीत शुभंकर. आपल्याकडे हा प्रकार राज्याच्या पातळीवर थांबतो. ताम्हण, आंबा, शेकरू, हरियाल हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेलं असतं. पण तुमच्या महापालिकेचं फूल कोणतं, असं कोणी विचारलं तर समोरचा चेष्टा करतोय असंच वाटेल. जपानमध्ये शहराचंच काय, शहरातल्या वॉर्डाचंही फूल ठरलेलं असतं, आणि ते वॉर्ड ऑफिसच्या पत्रकांवर, फुटपाथवरच्या कुंड्यांत, शुभंकराच्या डोक्यावर, कुठेही भेटत राहतं.

इथे योकोहामाच निवडलं, त्याला कारणं आहेत. १९६५ पासून मुंबई आणि योकोहामा ही भगिनी शहरं आहेत. योकोहामा महापालिकेने २०१५ मध्ये मुंबईत स्वतःचं कार्यालयही उघडलं. इकडे मिदोरि वॉर्डात २००९ मध्ये भारतीय शाळा सुरू झाली आणि तोकाइचिबा, किरिगाओका, नागात्सुता या भागांत भारतीय कुटुंबांची वस्ती वाढत गेली. तुम्ही कंपनीच्या बदलीवर योकोहामाला येत असाल, तर याच पट्ट्यात घर बघण्याची शक्यता बरीच आहे.

आधी पत्त्याचे मजले समजून घ्या

जपानी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो. कानागावा-केन, योकोहामा-शी, मिदोरि-कू, मग मोहल्ला आणि आकडे. 'केन' म्हणजे प्रांत, 'शी' म्हणजे शहर, 'कू' म्हणजे वॉर्ड. या तिन्हींची चिन्हं वेगळी, फुलं वेगळी, आणि मुख्य म्हणजे कामं वेगळी. नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. चिन्हांचे अर्थ नंतर सावकाश वाचले तरी चालेल. पहिल्या महिन्यात एवढंच साधा, की समोरचा कागद या तिघांपैकी कोणाचा आहे ते झटकन ओळखता यावं.

तिघांच्याही वर केंद्र सरकार. त्याचं चिन्ह म्हणजे 'किरी' या झाडाची पानं आणि फुलांचे तुरे. ५०० येनचं नाणं हातात घ्या, त्यावर तेच झाड आहे. पंतप्रधान भाषणाला उभे राहतात त्या मेजावरही तेच दिसतं. तुमचा व्हिसा, रेसिडेन्स कार्ड, पेन्शन ही केंद्राची प्रकरणं. त्यासाठी शहराच्या कचेरीत जाऊन व्हिसाची मुदत वाढवा म्हटलं, तर तिथला कर्मचारी कमरेत वाकून, अत्यंत नम्रपणे तुम्हाला परत पाठवेल.

प्रांत म्हणजे कानागावा. त्याचं चिन्ह १९४८ चं, प्रांताच्या नावातल्या पहिल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या, अक्षराला वळण देऊन केलेलं. प्रांताचं फूल 'यामायुरी', म्हणजे डोंगरात उगवणारी मोठी पांढरी लिली. पक्षी सीगल, झाड गिंको. पोलीस प्रांताचे असतात, ड्रायव्हिंग लायसन्स त्यांच्याकडून मिळतं, मोठ्या गाडीचा वार्षिक कर प्रांत घेतो. छोट्या पिवळ्या नंबरप्लेटची 'केइ' गाडी असेल तर मात्र तोच कर शहराकडे जातो. मे महिन्यात दोन शेजाऱ्यांना वेगवेगळ्या चिन्हांची बिलं येतात, त्यामागे एवढंच कारण असतं.

शहराकडे शाळा (प्राथमिक आणि माध्यमिक), पाणी, कचरा, अग्निशमन, रहिवासी कर. आणि या शहराची खिडकी म्हणजे वॉर्ड ऑफिस. नोंदणी, आरोग्य विमा, बालसंगोपन भत्ता, बाळाच्या लसींची पत्रकं सगळं तिथे. रोजच्या आयुष्यात सिटी हॉलला जायची वेळ फारशी येत नाही. २०२० पासून सिटी हॉल साकुरागिचोजवळच्या ३२ मजली नव्या इमारतीत आहे. काम नसलं तरी तळमजल्यावर एकदा चक्कर मारायला हरकत नाही.

'हामाबिशी' डोळ्यात बसवा

योकोहामाचं चिन्ह ५ जून १९०९ रोजी ठरलं. योकोहामातला 'हामा' घेतला, काताकाना लिपीतली 'हा' आणि 'मा' ही दोन अक्षरं एकमेकांत बसवली, आणि कोनावर उभ्या केलेल्या चौकोनासारखा, शंकरपाळ्याच्या जातीचा आकार तयार केला. 'बिशी' म्हणजे हाच आकार, म्हणून लोक त्याला 'हामाबिशी' म्हणतात. शहराच्या झेंड्यावर हेच चिन्ह, पांढऱ्यावर लाल. शंभरहून जास्त वर्षं झाली, त्यात कोणी ग्रेडियंट भरला नाही की त्याचा 'नवा लोगो' केला नाही. महापालिकांनी शिकण्यासारखी गोष्ट आहे ही.

ओळख पक्की करायची तर खाली बघत चाला. फुटपाथवरच्या गटाराच्या लोखंडी झाकणांच्या मधोमध हे चिन्ह ओतलेलं दिसतं. बऱ्याच झाकणांवर जवळच हिरागाना लिपीत 'ओसुइ' लिहिलेलं असतं, म्हणजे सांडपाणी. 'उसुइ' असेल तर पावसाचं पाणी. पाणीपुरवठ्याची झाकणं वेगळी, हायड्रंटचं झाकण पिवळ्या रंगाच्या खुणेत. या बाबतीत योकोहामाला मान आहे: जपानमधला पहिला आधुनिक नळपाणीपुरवठा इथेच, १८८७ मध्ये, हेन्री स्पेन्सर पामर या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली सुरू झाला. चालता चालता एखाद्या झाकणावरचं चिन्ह अचानक बदललेलं दिसलं, तर समजा, तुम्ही हद्द ओलांडून कावासाकीत शिरलात. सीमेवरच्या वस्तीत हे अक्षरशः रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं असं बघायला मिळतं.

मूल शहराच्या प्राथमिक शाळेत जाणार असेल तर शाळेचा बिल्ला बघा. बऱ्याच शाळांचे बिल्ले याच हामाबिशीच्या आकारावर बेतलेले आहेत. आत शाळेचं नाव किंवा एखादं पान-फूल, बाहेर तोच ओळखीचा कोन. दोन-तीन शाळांचे बिल्ले शेजारी ठेवले की एका घरातली भावंडं वाटतात.

लिफाफ्यांची वाटणी

आता पत्रपेटीकडे. आलेली पत्रं टेबलावर पसरा आणि चिन्हावरून तीन-चार गठ्ठे करा. हामाबिशी किंवा 'योकोहामा-शी' छापलेला गठ्ठा सर्वात जाड असणार. त्यात जूनमध्ये येणारी रहिवासी कराची पत्रं, आरोग्य विम्याचे हप्ते, शाळेच्या सूचना. या गठ्ठ्यातल्या बहुतेक प्रश्नांसाठी तुमचं वॉर्ड ऑफिस. नोकरदारांचा रहिवासी कर साधारणपणे पगारातून कापला जातो, त्यामुळे त्याचं पत्र कंपनीकडूनच हातात येतं. घरी वेगळं बिल आलं तर फेकू नका, नोकरी बदलताना मधला कर राहून गेलेला असू शकतो.

दुसरा गठ्ठा प्रांताचा. तिसरा केंद्राचा, त्यात पेन्शनचे लिफाफे. चौथ्यात वीज, गॅस, इंटरनेट. यांचा सरकारशी संबंध नाही, पण दिसायला पत्रं तितकीच गंभीर असतात.

यात एक सावधगिरी. चिन्ह छापलेलं आहे म्हणून कागद खराच असेल असं नाही. वॉर्ड ऑफिसातून बोलतोय, तुमच्या विम्याचे पैसे परत मिळणार आहेत, एटीएमपाशी जा आणि मी सांगतो ती बटणं दाबा, ही फसवणूक जपानमध्ये इतकी चालते की तिच्याविरुद्धच्या पाट्या बँकांच्या एटीएमवर चिकटवलेल्या असतात. कोणतंही वॉर्ड ऑफिस पैसे परत करायला तुम्हाला एटीएमवर पाठवत नाही. शंका आली तर पत्रावरचा नंबर न लावता वॉर्ड ऑफिसच्या संकेतस्थळावरचा नंबर लावा. चिन्हाचा उपयोग दिशा कळण्यापुरता, खात्री करण्यासाठी नाही.

शहराचं मासिक पत्रक 'कोहो योकोहामा' दर महिन्याला येतं. त्यात संपूर्ण शहराची पानं वेगळी आणि तुमच्या वॉर्डाची वेगळी. वॉर्डाची पानं आधी वाचा. लसीकरण, फुकट आरोग्य तपासणी, परदेशी लोकांसाठी जपानीचे वर्ग, उन्हाळी जत्रा, सगळं तिथे असतं. मोहल्ल्याच्या मंडळात नाव घातलं तर हे पत्रक बहुधा शेजारीच आणून देतो, आणि ओळख व्हायला ते बरं पडतं.

गुलाब कुठे बघायचा, गिंको कधी

योकोहामाचं फूल गुलाब. ते १९८९ मध्ये ठरलं, शहराला १०० आणि बंदराला १३० वर्षं झाली तेव्हा. कारण बंदराशीच जोडलेलं आहे. १८५९ मध्ये योकोहामाचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, यामातेच्या टेकडीवर युरोपीय व्यापाऱ्यांचे बंगले उठले, आणि त्यांच्या बागांमधून पाश्चात्त्य गुलाब शहरात रुजला. म्हणजे जपानी म्हणून मिरवायचं फूल बाहेरून आलेलं आहे, आणि शहराला त्याचा संकोच नाही, उलट तीच त्याची ओळख. २००९ मधल्या बंदराच्या १५० व्या वर्षासाठी 'हामामिराइ' नावाची गुलाबाची खास जातही तयार केली गेली.

बघायचा तर मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जागा दोन: टेकडीवरची 'मिनातो नो मिएरु ओका' बाग, म्हणजे जिथून बंदर दिसतं ती टेकडी, आणि खाली समुद्राला लागून असलेली यामाशिता बाग. दोन्हींना तिकीट नाही. माझं मत विचाराल तर सकाळी लवकर वरची बाग करा आणि उतरून खाली या. उलट केलं तर चढ अंगावर येतो आणि बरोबरचं मूल कडेवर.

यामाशिता बागेत गेलात की गुलाबांवर थांबू नका. ही बाग १९२३ च्या महाभूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून तयार केलेली, १९३० मध्ये उघडलेली. तिच्या एका टोकाला छोट्या घुमटाचं एक पाणपोईसारखं बांधकाम आहे, आत छताला मोझेइक. १९३९ मध्ये योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांनी ते बांधून शहराला दिलं. भूकंपात त्यांची माणसं गेली होती, व्यवसाय बुडाले होते, पुष्कळ रेशीम व्यापारी कोबेला निघून गेले होते. योकोहामाने त्यांना राहायला आणि धंद्याला जागा देऊन परत बोलावलं. त्या मदतीची आठवण म्हणून हे बांधकाम. शहराच्या अधिकृत चिन्हांच्या यादीत ते नाही, पण भारतातून आलेल्या माणसाने योकोहामात पहिल्यांदा उभं राहावं अशी जागा माझ्या मते तीच. शरद ऋतूत याच बागेत दिवाळीचा जाहीर कार्यक्रमही होतो.

झाडांच्या बाबतीत योकोहामाने एकावर भागवलं नाही. सहा झाडं निवडली: गिंको, केयाकी, साझांका, सांगोजू, शिई आणि त्सुबाकी. सहाही ओळखता आलीच पाहिजेत असं काही नाही. गिंको ओळखा, बास. पंख्यासारखं पान, शेवटी फाटलेलं. निहोन-ओदोरी या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिंकोच्या रांगा आहेत आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, कधी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळा रस्ता हळदीने माखल्यासारखा होतो. हा रस्ता रिचर्ड ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याने आखलेला. झाडांखाली पडलेल्या फळांवर पाय देऊ नका. वास बुटातून दोन दिवस जात नाही आणि कंपनीच्या लिफ्टमध्ये सगळे तुमच्याकडे बघतात. आतली बी मात्र भाजून, मीठ लावून खातात, छान लागते.

वॉर्डाची फुलं

शहरात १८ वॉर्ड आहेत आणि फुलांची मजा खरी इथे. मिदोरि वॉर्डाचं फूल 'शिरान', जमिनीवर वाढणारं जांभळट ऑर्किड, साधारण मे महिन्यात फुलतं, झाड मेपल. कोनान वॉर्डाचं सूर्यफूल. कोहोकूचा उमे, म्हणजे फेब्रुवारीत थंडीतच फुलणारा जपानी प्लमचा मोहर. आओबाचं फूल नासपतीचं, कारण त्या भागात नासपतीच्या बागा होत्या आणि काही अजून आहेत. सेयाचं हायड्रेंजिया, पावसाळ्याचं फूल. कानाझावाचं पिओनी.

वॉर्ड म्हटलं की आपल्याला नगरसेवकाचा प्रभाग आठवतो, पण योकोहामाचा वॉर्ड आपल्या मध्यम आकाराच्या शहराएवढा असतो. त्याची वाटणीही अधूनमधून बदलते. मिदोरि वॉर्ड १९६९ मध्ये कोहोकूमधून निघाला. १९९४ मध्ये पुन्हा फेररचना झाली तेव्हा आओबा आणि त्सुझुकी हे नवे वॉर्ड तयार झाले. म्हणून जुन्या माणसांशी बोलताना 'आम्ही पूर्वी मिदोरित होतो, आता आओबात' असं ऐकू येतं. घर तेच, चिन्ह बदललं.

शुभंकर: हसू नका, उपयोगी आहेत

मोठ्या माणसांच्या सरकारी पत्रकावर डोळे मिचकावणारं बाहुलं बघून सुरुवातीला हसू येतं. पण नव्या माणसाला हीच चित्रं सर्वात आधी मदत करतात, कारण जपानी वाचता येत नसलं तरी ती ओळखता येतात. शिवाय ती हवेतून आलेली नसतात, बहुतेक वेळा वॉर्डाच्या फुला-झाडातूनच जन्मतात. कानाझावाची 'बोतानचान' पिओनीची, कोहोकूचा 'मिझुकी' हानामिझुकी झाडाचा, आओबाची 'नाशिकाचान' नासपतीच्या फुलाची. मिदोरिचा 'मिदोरिन'. म्हणजे एक ओळखलं की दुसरं आपोआप पाठ.

सगळ्यात चतुर काम कानागावाच्या पोलिसांनी केलंय. त्यांचे शुभंकर दोन: 'पीगारुकुन' हा सीगल, आणि 'लिलिपोचान' ही लिली. प्रांताचा पक्षी आणि प्रांताचं फूल, दोघांच्या अंगावर पोलिसी साज. चौकीबाहेर सीगल दिसला की ती प्रांताची जागा, शहराची नाही. सायकल चोरीची तक्रार तिथे द्यायची.

शहराच्या बससेवेचा आणि भुयारी रेल्वेचा शुभंकर 'हामारिन', पाणीखात्याचा 'हामाप्योन'. कचऱ्याचा 'ईओ'. हा ईओ तुमच्या घरी सर्वात जास्त वेळा डोकावणार, कारण जपानमधलं परदेशी माणसाचं पहिलं भांडण नेहमी कचऱ्यावरूनच होतं. शहराच्या संकेतस्थळावर ईओच्या नावाने गप्पा मारणारी सेवा आहे: वस्तूचं नाव टाका, ती कोणत्या कचऱ्यात टाकायची ते सांगते. २०१७ च्या सुमारास कोणीतरी गमतीने त्यात 'नवरा' असं लिहिलं, तर ईओने लग्न आणि घटस्फोटावर एक खोचक वाक्य ऐकवलं आणि जपानभर त्याची चर्चा झाली. सरकारी खात्याला एवढी विनोदबुद्धी असते, हे मान्य करायला आपल्याला थोडा वेळ लागतो.

कचऱ्यावरून आणखी एक. योकोहामात पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक कोणतीही पिशवी चालते. पण पुष्कळ शहरांत शहराचीच ठरलेली, चिन्ह आणि नाव छापलेली पिशवी विकत घ्यावी लागते; क्योतोत जळणाऱ्या कचऱ्याची पिवळी पिशवी ठरलेली आहे. त्यामुळे दुसऱ्या शहरात राहायला गेलात की जुन्या पिशव्या सोबत नेऊन उपयोग नाही, आणि पाहुणा म्हणून कुणाकडे राहिलात तर त्यांच्याच पिशवीत टाका.

शहरगीत आणि २ जूनची सुट्टी

चिन्ह १९०९ चं, तसंच गाणंही १९०९ चं. बंदराच्या पन्नाशीसाठी लिहून घेतलं. लिहिलं मोरी ओगाई यांनी, सैन्यातले मोठे डॉक्टर आणि आधुनिक जपानी साहित्यातलं पहिल्या फळीतलं नाव. चाल मिनामी योशिए यांची. शहराच्या शाळांमधून ते अजून शिकवलं जातं, आणि योकोहामात शिकलेल्या माणसाला ते चाळिशीतही येतं. ऑफिसात कोणी अस्सल योकोहामाकर असेल, त्यांना 'हामाक्को' म्हणतात, तर त्याला फक्त पहिली ओळ म्हणायला सांगा. पुढचं तो थांबवूच शकत नाही.

भाषा जुनी आहे, त्यामुळे मूल घरी येऊन म्हणायला लागलं तर भाषांतराचं ॲप गडबडतं. आशय थोडक्यात असा: आमचा देश बेटांचा, सगळ्या देशांची जहाजं इथे येतात, बंदरं पुष्कळ, पण योकोहामाच्या तोडीचं कुठलं? पूर्वी इथे गवताने शाकारलेल्या खोपटांतून तुरळक धूर निघायचा, आणि आता बघा, शेकडो-हजारो जहाजं नांगर टाकून उभी. लढाई नाही, डोंगर-नद्यांची स्तुतीही नाही. कोळ्यांच्या वाडीचं बंदर झालं, एवढाच अभिमान. चिन्हातला 'हामा' म्हणजे किनारा, फूल परदेशी व्यापाऱ्यांच्या बागेतलं, गाणं जहाजांचं. सगळी एकच गोष्ट सांगतात.

पालकांसाठी कामाची बाब: २ जून हा बंदर उघडल्याचा दिवस, आणि शहराच्या शाळांना सुट्टी असते. शेजारच्या कावासाकीत नसते, तुमच्या ऑफिसलाही नसते. आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारखेची गंमत वेगळीच आहे. बंदर प्रत्यक्षात १ जुलै १८५९ रोजी उघडलं. जुन्या जपानी पंचांगात तो सहाव्या महिन्याचा दुसरा दिवस होता. १९०९ चा पन्नाशीचा सोहळा १ जुलैलाच झाला, पण पुढे सहावा महिना, दुसरा दिवस हा आकडा तसाच उचलून नव्या कॅलेंडरवर ठेवला गेला आणि २ जून पक्का झाला. तिथीने की तारखेने, हा वाद शिवजयंतीमुळे आपल्याला काही नवा नाही. योकोहामाने तिथीचा आकडा घेतला आणि तारखेसारखा वापरला.

मंडळाच्या कार्यक्रमात चिन्ह वापरायचंय?

गणेशोत्सवाच्या पत्रकावर हामाबिशी छापला की छान वजन येईल, असं कोणाच्या तरी मनात येतंच. छापू नका. शहराचं चिन्ह कोणीही परवानगीशिवाय वापरायचं नसतं. ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवताही येत नाही. शहराचा पाठिंबा जाहीर करायचा असेल तर त्याची रीत वेगळी आहे: 'कोएन' म्हणजे पाठिंबा, तो अर्ज करून मागायचा. कार्यक्रम सर्वांसाठी खुला, नफ्यासाठी नसलेला असावा लागतो. अर्जासोबत कार्यक्रमाचा आराखडा, खर्चाचा अंदाज, मंडळाची माहिती द्यावी लागते, आणि मंजुरी मिळाल्यावरच पत्रकात शहराचं किंवा वॉर्डाचं नाव 'कोएन' म्हणून छापता येतं. पत्रक छापखान्यात गेल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, म्हणून पत्रकाचा मजकूर ठरायच्या आधीच अर्ज करा.

वॉर्डाचा शुभंकर त्या मानाने सोपा. वॉर्ड ऑफिसच्या 'चिइकी शिंको-का' या स्थानिक उपक्रमांच्या खात्यात विचारा. चित्र वापरण्याचा फॉर्म बहुतेक वॉर्डांत असतो. रंग बदलायचे नाहीत, अंगावर काही चढवायचं नाही. मिदोरिनला फेटा बांधायची हौस असेल तर ती आधी विचारून घ्या.

दुसऱ्या शहरात बदली झाली तर

हीच पद्धत कुठेही चालते, फक्त चिन्ह कशातून आलंय ते बघायचं. काही शहरांनी योकोहामासारखं नावातलं अक्षर घेतलं. काहींनी जुन्या सरदार घराण्याची खूण घेतली: नागोयाचं गोलातलं 'आठ' हे ओवारीच्या तोकुगावा घराण्याचं, १९०७ पासून शहराचं. ओसाकाने १८९४ मध्ये नदीच्या मुखाशी जहाजांना वाट दाखवण्यासाठी रोवत ते लाकडी खांब चिन्ह म्हणून घेतले. सेंदाईने तर शहराचा कीटकही ठरवलाय, रात्री घंटीसारखा किणकिणणारा 'सुझुमुशी'.

हिरोशिमाचं फूल मात्र थांबून वाचावं. १९७३ मध्ये त्यांनी कण्हेर निवडली. अणुबॉम्बनंतर इथे कित्येक वर्षं काही उगवणार नाही असं बोललं जात होतं, आणि त्या जमिनीत जी फुलं आधी फुलली त्यांत कण्हेर होती. आपल्याकडे कण्हेर अंगणाच्या कडेला किंवा रस्त्याच्या दुभाजकावर असते, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. हिरोशिमात उन्हाळ्यात तीच कण्हेर बघताना नजर वेगळी होते.

तोक्योला, विशेषतः एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला जाणार असाल, तर एक फरक ध्यानात ठेवा. योकोहामाचे वॉर्ड शहराच्या पोटातले; तोक्योचे २३ वॉर्ड मात्र स्वतंत्र पालिका, प्रत्येकाचा निवडून आलेला महापौर. त्यामुळे तिथे तुमच्या कागदांवर वॉर्डाचंच चिन्ह मुख्य. (याच एदोगावात २०१९ मध्ये मराठमोळे योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले.) वर तोक्यो महानगराची दोन चिन्हं चालतात: १८८९ चं सूर्यासारखं सहा किरणांचं, आणि १९८९ चं हिरवं, गिंकोच्या पानासारखं दिसणारं. महानगराने चालवलेल्या बसवर आणि भुयारी रेल्वेत तेच हिरवं दिसेल.

आणि योकोहामातच एका वॉर्डातून दुसऱ्यात जात असाल तर शहर तेच राहतं, फूल बदलतं. जुन्या वॉर्डात जाऊन निरोप घ्यायची गरज नाही; घर बदलल्यावर १४ दिवसांच्या आत नव्या वॉर्डाच्या ऑफिसात रेसिडेन्स कार्ड घेऊन जा, आणि 'माय नंबर' हे आपल्या आधारसारखं कार्ड असेल तर तेही न विसरता न्या, त्यावरही नवा पत्ता लिहून मिळतो.